बर्फाच्या कारखान्यामागे

सकाळी आठला फ्रे गावात भोंग्यावर राष्ट्रगीत लागतं.
भाजीवाल्या हात थांबवतात,
मोटारसायकलवाला एक पाय रस्त्यावर टेकतो,
आणि मीही, मोड आलेल्या मुगांची पिशवी सावरत,
उभी राहते.
चार वर्षांत एवढं एक
मला न चुकता जमलंय.

बाकी चुकतंच.
'जवळ' आणि 'लांब' यांना इथे एकच शब्द, क्लाय.
फक्त सूर वेगळा.
घर कुठे, म्हणून फळवालीनं विचारलं,
मी म्हणाले, क्लाय,
तिनं माझ्याकडे बघत
दोन रांबुतान जास्तीचे टाकले पिशवीत.
कुठला सूर लागला होता, देव जाणे.

शाळेत मी गणित शिकवते.
मुलं मला 'खरू' म्हणतात,
गुरूच तो, वाटेत कुठेतरी झिजलेला.
रविवारला म्हणतात 'आथित'.
असे शब्द भेटत राहतात
लग्नात लांबचे नातलग भेटावेत तसे,
नाक घरचं, बाकी ओळख पटत नाही.
नामतान नावाची एक मुलगी
पटापट वर्गमुळं काढते
आणि उरलेल्या वेळात लाल पेनानं
माझं थाई तपासते.
दहापैकी चार.

दर नव्वद दिवसांनी कचेरीत जाऊन सांगायचं
की मी आहे, आणि होते तिथेच आहे.
शेजारच्या बाकावर गेरहार्ट.
तो एकोणीस वर्षं हेच सांगतोय,
इस्त्रीचा निळा सदरा घालून,
जणू साहेबाच्या मुलीचं लग्न आहे.
पत्ता बदलला?
नाही.
शिक्का.
पुढची तारीख तो वहीत पेन्सिलीनं लिहितो.
अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस,
शाई वापरत नाही.

मार्चमध्ये मक्याची धसकटं पेटतात,
डोंगर आठवडाभर गायब.
दोरीवरच्या चादरीही जळक्या वासाच्या.
अशाच एका दुपारी दवाखान्यात,
घसा धरून, नंबर यायची वाट बघताना,
फोनच्या कव्हरातली ती चिठ्ठी काढली.

घरमालकीण बुआफान.
पहिल्याच आठवड्यात तिनं ती लिहून दिलेली,
हरवलीस तर दाखव, असं हातवारे करून.
मी दाखवत आले,
गाडीवाल्यांना, पोलिसाला, औषधाच्या दुकानात.
सगळे वाचायचे, हसायचे,
मला घरी आणून सोडायचे.
मला वाटायचं, पत्ता आहे.

आता अक्षर लावता येतं,
पहिलीतल्या पोरासारखं, बोट ठेवून.

"बर्फाच्या कारखान्यामागे, फणसाचं घर.
बाई मास्तरीण आहे.
डुक्कर खात नाही. वाढलंत तर भिडेनं खाईल,
तेव्हा वाढू नका.
'समजलं' म्हणाली तरी समजलेलं नसतं.
कुत्र्यांना भिते, फाटकाच्या आत सोडा.
आमची आहे.
बुआफान."

माझा नंबर दोनदा पुकारला म्हणे.

म्हणजे गावभर
हे सगळ्यांना ठाऊक होतं.
त्या नूडलवाल्याला, जो न विचारता
माझ्या वाडग्यात टोफू घालतो.
त्या पोरालाही, जो परवा काठी घेऊन
उगाच माझ्या पुढे पुढे चालत होता.
आणि ते दोन रांबुतान.

बुआफानला मी काही बोलले नाही.
ती मागच्या दारी लसूण सोलत होती,
तिच्याजवळ बसून मीही सोलला.
तिनं माझ्या पाकळ्या पुन्हा निवडल्या.

फणस मात्र गेल्या वर्षीच्या वादळात पडला.
चिठ्ठीत अजून उभा आहे.
रात्री पेन घेतलं आणि खाली,
वाकड्यातिकड्या अक्षरांत, लिहिलं,
'फणस पडला. घर आहे.'

नामताननं वाचलं.
एका अक्षरावर राहिलेली खूण दिली,
जरा विचार केला,
आणि दहापैकी सहा.