मानशीचं दार

दिवाडीच्या फेरीत पिशवी मांडीवर धरून बसले.
आत पंच्याऐंशी प्रश्नावल्या, एकेकीला बारा पानं.
प्रश्न सत्तावीस:
खाजनाचा बांध टिकावा म्हणून
तुमचं घर दरसाल किती रुपये द्यायला तयार आहे?

कुष्टा पागी मानशीवर बसून जाळं सांधत होता.
"रुपये?" मान वर न करता म्हणाला,
"आमी दीस दितांव, बाये."
मे महिन्यात घरटी दोन, चिखल ओढायला.
उधाणाची एक रात्र, कंदील घेऊन.
आणि एस्पेरांसाच्या घरून पेज,
तिला गुडघ्यांमुळे उतरता येत नाही.

रकान्यात फक्त रुपये मावत होते.
दिवस मी मजुरीच्या दराने गुणले.
रात्रीला दीडपट धरली.
पेजेचं काय करावं कळेना,
"इतर"मध्ये लिहिली.

मग महिनाभर बेरजा.
कोरगुट किती खंडी,
शेवटे, चोनक, कुर्ल्या, पावणीत काय भावाने गेल्या,
खारफुटी लाटेचा जोर किती मोडते,
बांध फुटला तर किती विहिरी खाऱ्या होतील.
बगळे पुष्कळ होते.
त्यांना दर सापडला नाही.

पणजीत तिसऱ्या मजल्यावर बैठक झाली.
धक्का बांधू पाहणारे रंगीत चित्रं घेऊन आले होते,
चित्रात खाडी निळी होती.
मी कोरगुटाची चव सांगू लागले
तेव्हा कोणीतरी चहा मागवला.
आकडा सांगितला
तेव्हा सगळ्यांनी पेनांची टोपणं काढली.
धक्का वरच्या अंगाला सरकला.
मला आनंद झाला आणि लाजही वाटली,
आधी काय, ते आता आठवत नाही.

अहवाल घेऊन परत गेले.
एक कोटी ब्याण्णव लाख, दरसाल,
बोट ठेवून दाखवलं.
कुष्टाने शून्यं दोनदा मोजली.
पागोळी टोपी काढून डोकं खाजवलं.
मग मानशीच्या फळीकडे बघत
इतका हसला की खोकला आला.
"इतक्या मोलाचं हें," म्हणाला,
"आणि मी काथ्याच्या दोरीने बांधतोय!"

थोड्या वेळाने, हसू ओसरल्यावर:
"आणि राखणाऱ्याचा पगार?
तो प्रश्न कितव्या पानावर?"

मी पानं उलटत राहिले.
खाली पाणी फिरू लागलं होतं,
खांबावरचा ओला पट्टा बोटभर वर चढलेला.
"राहू दे तें," तो उठत म्हणाला.
"भरती लागली.
हें टोक धर."