नग एक, लाकडी

पार्सल ऑफिसच्या वहीत त्या रात्री मी लिहिलं :
नग एक. लाकडी. वजन एकेचाळीस किलो.
मालक ओताकर, पुढचं आडनाव लागत नाही.
मालक हजर नाही.

पेटी माणसापेक्षा उंच.
बसवाले घेईनात म्हणून रेल्वेने एकटीच आलेली.
उतरवताना यल्लाप्पा हमालाने टोपी काढली,
आणि बाराच्या सुमारास कुणीतरी
तिच्या उशाशी उदबत्ती लावून गेलं.
मी विझवली नाही.
न जाणो.

मालक तेव्हा सांगोल्यात होता.
पुण्याच्या स्टँडवर त्याने सांगलीच म्हटलं असणार,
पण शेवटची ली त्याच्या जिभेवर जरा गोल झाली
आणि तिकीट फाटलं.
त्याआधी दोहात एक विमान चुकलं,
कपड्यांची बॅग मस्कत बघून आली नाही अजून,
ड्रमवाला पुण्यातच पोट धरून निजला.
हे सगळं त्याने नंतर हातवारे करून सांगितलं,
हसत,
जशी दुसऱ्याच कुणाची फजिती.

सांगलीच्या नाट्यगृहात तोवर
दीडशे माणसं चहा पिऊन घरी गेली होती.

साडेचारला डाळिंबांचा पिकअप फाटकात शिरला.
जुनोनी, नागज, कवठेमहांकाळ,
सगळा रस्ता क्रेटवर बसून आलेला सहाफुटी माणूस,
गुडघे हनुवटीला, भुवयांवर फुफाटा.
ड्रायव्हर म्हणाला, साहेब,
हा आमच्या मालात नाही, उतरवून घ्या.

सही करताना त्याने नाव सांगितलं, ओता.
यल्लाप्पाने ऐकलं ओटा.
उजाडेपर्यंत स्टेशनभर तो ओटाच झाला
आणि लोक त्याच्या शेजारी येऊन टेकू लागले.

मग पेटी उघडली.
व्हायोलिनच म्हणायचं, पण गाभण म्हशीएवढं.
मानेला तडा.
तेव्हा तो पहिल्यांदा हसला नाही.

दस्तगीरचाचांनी चष्मा कपाळावर चढवला,
भोपळा पारखतात तशी बोटाच्या पेराने
पोटावर टकटक केली, कान लावला.
पोट चांगलंय, म्हणाले,
मानेचं काय, मान सगळ्यांचीच मोडते.
सांगोल्यावरनं आला? आमचे भोपळेपण त्याच रस्त्याने येतात,
मंगळवेढ्याकडनं. वाटेत दोनचार फुटतातच.

सरस वाळायला दीड दिवस.
दीड दिवस तो दुकानातच झोपला,
पाय उंबऱ्याबाहेर, गल्लीतली मांजरं त्यावरून उडी मारून जायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाजवलं त्याने,
नुसत्या बोटांनी.
एक सूर घ्यायचा, मग त्याच्या शेजारच्या दारात शिरायचं,
घर चुकल्यासारखं.
पुन्हा तेच दार. पुन्हा.
तिसऱ्यांदा आतून कुणीतरी या म्हणतं.
मला यातलं काही कळत नाही,
मी आयुष्यभर वजनं केली.
पण आढ्याला टांगलेले कच्चे भोपळे,
ज्यांनी अजून तार पाहिली नव्हती,
खालच्या सुराला हळूच घुमले.
मी ऐकलं.
यल्लाप्पा म्हणतो, पंखा होता.

संपल्यावर त्याने चाचांच्याच फडक्याने घाम पुसला,
भोवती पाहिलं, लाकडाचा भुसा, पोरं, मी,
आणि विचारलं, सांगली?

चाचांनी मावळतीकडे बोट केलं.
हे मिरज, बाबा.
सांगली अजून दहा किलोमीटर.