सत्र सहावं : उच्चार

पहाटेचे साडेपाच. त्यांच्याकडे नऊ वाजलेत.
करावे गावात, साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर
उभ्या राहिलेल्या आमच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर
ओट्यावरचा मिक्सर बाजूला सारून लॅपटॉप ठेवलाय.
मागे कोरी भिंत दिसेल अशी ही एकच जागा.
वर इस्त्रीची कुर्ती, कानात मोती,
खाली रात्रीचाच परकर.

पडद्यावर अकरा चौकटी.
जपानातल्या कुठल्याशा डोंगरी तालुक्यातले
इंग्रजीचे अकरा शिक्षक
ऑगस्टची सुट्टी मोडून बसलेत,
वह्या उघड्या, पाठी ताठ.
कुणाच्या तरी खिडकीबाहेर
भर दिवसा किडे किरकिरतायत.
पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, लाइन खराब आहे का?
तेव्हा सगळे हसले होते, तोंडावर हात धरून.

आजचा विषय : विद्यार्थ्यांच्या उच्चारांतल्या चुका
कशा दुरुस्त कराव्यात.
माझ्याकडे चौदा स्लाइड आहेत.
जिभेचं टोक कुठे टेकवायचं त्याची आकृती,
लाल बाण.

चौथ्या स्लाइडला नोझाकी सरांनी हात वर केला.
वय छप्पन्न. एकेक शब्द चाचपत,
शेवाळलेल्या पायरीवर पाय ठेवावा तसे, म्हणाले :
तीस वर्षं शिकवतोय.
र आणि ल मला स्वतःलाच
वेगळे ऐकू येत नाहीत.
धड्यात तसा शब्द आला
की मी सीडीचं बटण दाबतो
आणि खिडकीबाहेर बघतो.
मुलांना कळलंय.
मुलं सभ्य आहेत.

यावर माझ्याकडे स्लाइड नव्हती.

आणि नेमका तेव्हाच
तळमजल्यावरून बाबांचा आवाज, जिना चढून,
थेट माईकमध्ये :
गो बाय, पानी आयला! मोटर लाव!

अकराही चौकटी दचकल्या.
दुसऱ्या सत्रातही असंच झालं होतं.
तेव्हा मी सांगितलं होतं,
वॉचमन आहे.

माझे वडील, म्हणाले मी.
मिठागरात होते, मिठागर होतं तोवर.
नळाला पाणी आलंय, तेच सांगतायत.

मग थांबताच येईना.
सांगितलं, की पुस्तकातल्या माझ्या भाषेत
न आहे आणि ण आहे,
घरातल्या भाषेत नुसता न.
ळ तर नव्हताच. डोला, कोली, केली.
पाचवीत घाटावरून आलेल्या गुरुजींनी
मला बाकावर उभं केलं : म्हण, पाणी.
पानी.
पट्टी.
पानी.
पट्टी.
सतरा झाल्या. अठराव्यांदा जीभ वर वळली,
ती अजून खाली आलेली नाही.
जेवताना बाबा पानी मागतात,
मी पाणी देते.
तांब्या तोच.

अनुवाद करताना मध्येच
पट्टीसाठी इंग्रजी शब्द आठवेना.
हात दाखवला. त्यांना समजलं.

नोझाकी सर वहीत काहीतरी लिहीत होते.
मग चष्मा काढून, कॅमेऱ्याच्या जरा जास्तच जवळ येऊन
म्हणाले : पानी.

हुबेहूब.
बाबांचाच न, दातांमागे टेकलेला,
त्यावर मीठ सुकल्यासारखा.

पाचव्या स्लाइडवर मीच लिहिलं होतं :
चूक ऐकू आली की थांबा,
स्वतः अचूक म्हणून दाखवा,
पुन्हा म्हणायला लावा.

मी थांबले.
पुढच्या दोन ओळी तशाच राहिल्या.

खालून पुन्हा हाक, आता चिडून,
कारण नळ अर्धाच तास येतो
आणि टाकी काही जपानची वाट बघत नाही.
माईक बंद करायला हात गेला,
गेला तसा परत आला.

आयले बाबा! म्हणून ओरडले.

पडद्यावर अकरा माना खाली वाकल्या.
लिहून घेत होते.