मीटरमागे दोन रुपये

शाळेच्या वरच्या मजल्यावर वाचनालय आहे.
पायऱ्या बावीस.
खाली, चाकांच्या खुर्चीत, पलक
रोज कुणाला तरी विचारायची,
वरच्या खिडकीतून काय दिसतं?
आम्ही म्हणायचो, काही नाही गं,
पत्रे, पाण्याच्या टाक्या, एक चिंचेचं झाड.

बावीस पायऱ्यांची लिफ्ट,
किंमत साडेसहा लाख.
म्हणून आम्ही नऊ जण
सहा हजार चाळीस मीटरचा डोंगर चढायला निघालो.
हा हिशेब ऐकला
की माणसं आधी हसत, मग पाकीट काढत.

सराव रालामंडलवर.
पहाटे पाचला, पाठीवर दहा-दहा किलो गहू,
निरुपमा छापेकर सगळ्यांच्या पुढे, वय एकसष्ट,
आणि खाली उतरलं की पोहे, त्यावर जिरावण,
त्यामुळे वजन कुणाचंच घटलं नाही.
पोहेवाला बंसी म्हणाला, भिया, वर शेव मिळते का?
आणि डब्यात शंभराची नोट टाकली.

पावतीपुस्तक माझ्याकडे.
बत्तीस वर्षं बँकेत कॅशियर होतो, दुसरं काय देणार मला?
मीटरमागे कुणी चार आणे, कुणी रुपया,
सराफ्यातले सागरमलजी दोन.

पाच हजार आठशे साठवर,
रात्री साडेतीनला,
मला माझंच नाव आठवेना.
नोरबूने विचारलं, आज वार कोणता?
मी म्हणालो, सात हजार चारशे.
काय होऊन राहिलंय याला, मुळ्ये मागून ओरडला.
नोरबूने डोळ्यांत बॅटरी मारली,
म्हणाला, बस. खाली.
सगळे?
दोरी एकच होती.
शिखर समोरच होतं,
जेवणाच्या सुट्टीतल्या काउंटरसारखं.
छापेकरबाईंनी एकदा वर पाहिलं
आणि पहिल्या वळल्या त्याच.

इंदुरात परतल्यावर पंधरा दिवस
मी पावतीपुस्तक उघडलं नाही.
एकशेऐंशी मीटर.
झोपेत मी ते पुन्हा पुन्हा गुणायचो,
प्रत्येक वेळी उत्तर वेगळं.

सागरमलजींनी चष्मा लावला, कॅल्क्युलेटर ओढला.
पाच हजार आठशे साठ,
वजा साडेपाचशे.
हे कशाचे?
इंदूर मुळातच साडेपाचशे मीटर उंच आहे, साहेब,
ते काही तुम्ही चढला नाहीत.
दहा हजार सहाशे वीस. मोजून घ्या.
मी मोजून घेतले.
आणि सराफ्याच्या गर्दीत, एकटाच,
कचोरीच्या कढईपाशी उभा राहून हसलो,
डोळ्यांत पाणी येईतो.

रामबागेत टिल्लूकाकू,
गुडघ्यांमुळे तीन वर्षं जिना न उतरलेल्या,
पेन्शनमधून मीटरमागे आठ आणे.
म्हटलं, एकशेऐंशी कमी करा, चूक माझी.
त्यांनी दोन हजार नऊशे तीस दिले.
मग पुन्हा तेवढेच.
हे कशाचे, काकू?
उतरलास ना तेवढाच?
उतरणं काय असतं ते मला विचार.

पावतीवर काय लिहावं कळेना.
‘उतार’ असं लिहिलं
आणि सही केली.

मार्चात लिफ्ट बसली.
तीस हजार अजून देणं आहे.
नगरसेवक येणार होते, आले नाहीत,
हार टेबलावर तसाच.
पलकने बटण दाबलं, दार लागलं,
आणि आम्ही नऊच्या नऊ जण जिन्याने धावलो
तिच्या आधी पोचायला.
चौदाव्या पायरीवर मला दम लागला.
कठडा धरून उभा राहिलो.
बाकीचे पुढे गेले, कुणी थांबलं नाही,
बरं वाटलं.
वरून तिचा आवाज आला,
ओ काका,
ही चिंच नाहीये,
कडुलिंब आहे!