दोन मीटरची चूक

शिरोलीच्या फाउंड्रीत, पॅटर्न-स्टोअरला,
नऊशे लाकडी पॅटर्न:
पंपांची पोटं, गिअरबॉक्सची झाकणं.
एक सापडेना झालं की मोल्डिंगची सगळी लाइन उभी.

म्हणून मी टॅग घेऊन आले.
शर्टाच्या बटणाएवढे, आत चपटा सेल.
दोन सेकंदांनी एकदा
"हाय, हितंच हाय" म्हणून पुन्हा झोपणारे.
झोपतात म्हणून तीन वर्षं पुरणारे.

"आणि त्यावरनं जागा कळती?" दस्तगीरमामा.
"अंदाजे. दोन मीटर इकडं तिकडं."
"मग माझ्यापरीस वाईटच की."

मी फरशीवर खडूनं फुल्या मारल्या,
एकेकीवर मिनिटभर उभी राहिले.
लोखंडावर आपटून लहरी भलतीकडंच जायच्या;
एका झाकणाचा ठिपका भट्टीत दिसायचा,
एकदा तर हायवेच्या मधोमध.

सात नंबरच्या रॅकपाशी
रोज साडेअकराला सिग्नल पडायचा.
आठवडाभर मी अँटेना फिरवत बसले.
मग दिसलं: मामा तिथं पोत्यावर डबा खातात.
माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी,
लहर त्यात बुडते.
रिपोर्टात मी "अडथळा" एवढंच लिहिलं.

आता पोरं मोबाइल बघून पॅटर्न काढतात.
मामा मार्चला सुटले, बावड्यात घरी असतात.

परवा आलेख उघडला.
सात नंबर, साडेअकरा.
रेघ सरळ, कुठं खळगा नाही.

मी रिसीव्हर बंद करून
पुन्हा चालू केला.