कठडा की अंजीर

पौर्णिमेच्या तीन रात्री फाटक उशिरापर्यंत उघडं असतं.
मी तिकिटं फाडतो, रेनकोट मोजून देतो
आणि प्रत्येकाला एकच सांगतो :
चंद्राकडे पाठ करा.
निम्मे ऐकत नाहीत.
एवढा भरलेला चंद्र समोर असताना
पाठ फिरवणं त्यांना उर्मटपणाचं वाटतं.

एप्रिलात झांबेझी दुथडी असते.
कड्यावरून कोसळते, तिचा धूर होतो,
धूर उलटा वर चढतो
आणि खालून आलेला पाऊस आमच्या डोक्यावर पडतो.
त्या धुरात ती उभी राहते, कमान.
दुधात बोट बुडवून काळोखावर ओढल्यासारखी,
पांढरी.
एकोणीस वर्षं मी तिला पांढरीच म्हणत आलो.

नामाकाऊ फाटकाबाहेर कणसं भाजायची.
गर्दी ओसरली की आत यायची
कमरेच्या चितेंगेला हात पुसत.
मी म्हणायचो, बघ, कठड्याच्या तिसऱ्या खांबाला टेकलीय.
ती म्हणायची, डोळे तपासून घे, मुबिता,
रानअंजिराच्या बुंध्यात उतरलीय.
कठडा.
अंजीर.
कठडा म्हणतो ना मी!
एकदा पाहुण्यांसमोर तिला वेडी म्हणालो
तर दोन दिवस माझ्या ताटात मीठ नव्हतं.

परवा लुसाकाहून चिलेशे मॅडम आल्या,
सोबत वीस भिजलेली पोरं आणि तिपाईवरचा कॅमेरा.
कॅमेऱ्याने तीस सेकंद डोळा मिटला नाही.
मग त्यांनी मला पडदा दाखवला :
लाल. पिवळा. हिरवा. काठाला जांभळा.
मी म्हणालो, हे तुम्ही रंगवलंत.
त्या हसल्या. म्हणाल्या, रंग रोजच होते, काका,
आपल्या डोळ्यातले रंग ओळखणारे कामगार
एवढ्या मंद उजेडात कामावर येत नाहीत.

मग पोरांना शिकवू लागल्या, मीही ऐकलं.
उजेड थेंबात शिरताना वाकतो,
मागच्या भिंतीवर आपटून परततो,
निघताना पुन्हा वाकतो.
बेचाळीस अंशांवरचा थेंब तुला लाल देतो,
चाळीसवरचा जांभळा.
थेंब तर पडतच असतो,
म्हणजे लाल देता देता खाली येतो,
जांभळा देऊन सुटतो,
त्याच्या जागी वरचा येतो.
आमच्या पाळ्या बदलतात तसंच की, मी म्हणालो.
तसंच, त्या म्हणाल्या.

एका पोराने विचारलं (लिस्वानिसो त्याचं नाव, नाक गळत होतं),
मॅडम, माझी कमान आणि हिची कमान एकच ना?
नाही.
तुझ्या डोक्याच्या सावलीभोवती तुझी,
तिच्या सावलीभोवती तिची.
दोघं एकाच कमानीकडे बोट दाखवतात
आणि दोन वेगळ्या कमानी पाहतात.

माझ्या हातातली तिकिटांची चळत ओली झाली.

ती नेहमी बाकापाशी थांबायची,
माझ्यापासून दहा-बारा पावलं डावीकडे,
तिथे तुषार कमी लागतात, तिला खोकला होता.
एकोणीस वर्षांत मी एकदाही
त्या बाकापाशी जाऊन उभा राहिलो नव्हतो.

सगळे पुढच्या पुलाकडे गेल्यावर गेलो.
प्रत्येक पावलाला कमान माझ्याबरोबर सरकली,
जशी मालकामागे कुत्री.
तिसरा खांब सुटला.
मग चौथा.
बाकापाशी पोचलो, चंद्राकडे पाठ केली,
ती माझ्या खांद्याएवढी, म्हणून गुडघ्यात थोडा वाकलो.

अंजीर.
बुंध्यात, अगदी मुळापाशी.

चंद्र वर चढत होता.
तो चढेल तशी कमान खाली उतरते, हे मला ठाऊक होतं,
पण तिचं उतरणं असं उभं राहून कधी बघितलं नव्हतं.
आधी फांद्यांमधली गेली, मग बुंधा मोकळा झाला,
मग ती घळीत, जिथून गडगडाट येतो तिथे.

मागून लिस्वानिसो ओरडला,
काका, रेनकोट कुठे द्यायचा?
मी म्हणालो, ठेव तिथेच बाकावर,
नाही, बाकावर नको.
माझ्याकडे दे.