पान दोनशे चौदा

टॅब्लेट जुना होता. उजव्या कोपऱ्याला तडा,
पाठीवर खरवडून काढलेल्या स्टिकरचा डिंक.
तामालेच्या बाजारात सायकलच्या ट्यूबांशेजारी
सयीबूनं तो मांडला होता, ट्यूबांसारखाच.
"सगळं पुसलंय," तो म्हणाला.
वुनपिनीनं पैसे मोजले, दोनदा.

सगळं पुसलेलं नव्हतं.

रात्री बारानंतर इंटरनेट स्वस्त,
म्हणून तिचा अभ्यास बारानंतर.
खिडकीच्या जाळीत वाळवंटावरून आलेली धूळ,
फुटलेल्या ओठांवर शियाचं लोणी,
शेजारच्या खाटेवर मेमूना तोंड उघडं टाकून झोपलेली.
फोनमध्ये सरांनी धाडलेली फाईल:
प्रसूतिशास्त्र, सहाशे दोन पानं.
बाणावर बोट. "पाठवा."
मग निळी रेघ बघत बसायचं.
अकरा टक्के. बारा. नेटवर्क गेलं.
पुन्हा अकरा.

पहाटे तीनला ॲपनं विचारलं:
हे पुस्तक इथं आधीच आहे. उघडू?

उघडलं. आणि पानापानावर
जांभळी शाई.

कुणाची, ठाऊक नाही. अक्षर उजवीकडे कललेलं,
घाईत असलेल्या माणसासारखं.
समासात: "परीक्षेला हमखास."
"हे मला या जन्मी कळणार नाही."
कटिराच्या आकृतीत एक छोटा मासा पोहत होता.
आणि पान अठ्ठ्याऐंशीवर:
"आईला विचारायचं. तिला आठ झाली,
पुस्तक न वाचता."
वुनपिनी हसली, मेमूना कूस बदलून पुन्हा झोपली.

लॉग-आउटचं बटण समोरच होतं.
चोरी नव्हे ही, ती स्वतःला म्हणाली;
पण परक्याच्या ओंजळीनं पाणी पिताना
ओंजळ कुणाची, हे विचारावंसं वाटतंच ना?
तहान आधी लागते. प्रश्न नंतर.

तिनं हिरवा रंग निवडला.

जांभळ्याखाली हिरवं, महिनाभर.
कधी होकार, कधी नुसतं प्रश्नचिन्ह.
एकदा तिला चूक सापडली:
बाळ बाहेर आल्यावर द्यायच्या इंजेक्शनचा आकडा.
घाईच्या अक्षरात शून्य निसटलं होतं.
"एक नव्हे, दहा," तिनं लिहिलं,
आणि खोडरबर उचलून पुन्हा खाली ठेवलं.
दुसऱ्याची चूक पुसायची नसते.
शेजारी बरोबर लिहायचं असतं.

पान दोनशे चौदा.
"रक्तस्राव थांबला नाही तर"

एवढंच. रेघही नाही, टिंबही नाही.
पुढची तीनशे अठ्ठ्याऐंशी पानं कोरी करकरीत.

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.
टॅब्लेट विकावा लागला, की फी भरता आली नाही,
की घरी कुणी आजारी, की लग्न, की
पुढचं तिनं मनातही लिहिलं नाही.
सकाळी प्रसूतीच्या वॉर्डात
सिस्टर झकारिया ओरडली, "अगं, हात कुठे, लक्ष कुठे?"
तेव्हा तिनं पोटावर हात ठेवला, गर्भाशय चोळलं,
आकडा मोठ्यानं म्हणाली, दहा,
आणि सिस्टरनं मान डोलावली.

रात्री जांभळ्या वाक्यापुढे हिरव्यात
तिनं अख्खी कृती लिहून काढली.
पहिलं हे, मग ते, मग हाक मारायची,
एकटीनं काही करायचं नाही.
हे शेवटचं पुस्तकात नव्हतं.

मग परीक्षा जवळ आली, धूळ ओसरली,
उकाड्यात बोटाचा घाम काचेवर उमटू लागला.
पान दोनशे एकतीस. तिनं ते अजून वाचलंही नव्हतं.

तिथं एका ओळीखाली जांभळी रेघ होती.

काल नव्हती. ती मागे गेली, भराभर, बोटानं,
दोनशे चौदावर, शून्य निसटलेल्या पानावर:
"दहा"भोवती जांभळं वर्तुळ,
आणि त्यात, ओबडधोबड, एक मासा.

बारा वाजून वीस मिनिटं. कुठेतरी, कुठल्या तरी
काचेवर, कुणीतरी स्वस्त इंटरनेटची वाट बघून बसलेलं.
वुनपिनीनं पान दोनशे बत्तीस उघडलं.
पेन उचललं नाही.
थोडं थांबावं म्हणाली,
बघू, आधी कोण लिहितं.